डोळ्याला प्लॅस्टिक नवीन नाही, त्याचा चुरा नवीन आहे

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं कुणी तुमच्या घरात असेल, तर त्यांच्या डोळ्यात आत्ता प्लॅस्टिक आहे. आपण ‘भिंग बसवलं’ म्हणतो, ते भिंग बहुधा अ‍ॅक्रिलिकचं असतं, म्हणजे प्लॅस्टिकच्याच घराण्यातलं. मधला गोल भाग साधारण ६ मिलिमीटरचा. तो एकदा आत बसला की आजी पुढची वीस वर्षं त्यातूनच पोथी वाचते, मालिका बघते, तांदूळ निवडते, आणि डोळा हूं की चूं करत नाही.

मग ‘माणसाच्या डोळ्यात मायक्रोप्लॅस्टिक’, म्हणजे प्लॅस्टिकचा बारीक चुरा, ‘सापडलं’ अशी बातमी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागली की पोटात गोळा का यावा? प्लॅस्टिक डोळ्याला चालतं की चालत नाही?

या भिंगामागे दुसऱ्या महायुद्धातली एक जखम आहे. १५ ऑगस्ट १९४० रोजी ब्रिटिश हवाई दलातल्या गॉर्डन क्लीव्हर या वैमानिकाच्या हरिकेन विमानावर गोळ्या बसल्या. डोक्यावरचं पर्स्पेक्सचं, म्हणजे पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचं, छत फुटलं आणि त्याच्या कपच्या दोन्ही डोळ्यांत घुसल्या. अशा वैमानिकांना तपासणाऱ्या हॅरल्ड रिडली या नेत्रतज्ज्ञांच्या लक्षात आलं की पर्स्पेक्सची कपची आत राहिली तरी डोळा फारसा चिडत नाही. त्या निरीक्षणावर विसंबून त्यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात पहिलं कृत्रिम भिंग बसवलं. बाकीच्या डॉक्टरमंडळींनी त्यांना बरीच वर्षं वेड्यात काढलं. डोळ्यातून परकी वस्तू काढायची असते, घालायची नसते, हा तेव्हाचा शिरस्ता.

आता दुसरी गोष्ट, डोळ्याची नाही, खुब्याची. खुब्याचा सांधा बदलताना जी वाटी बसवतात ती बऱ्याचदा पॉलिइथिलीनची असते. साठच्या दशकात इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी ती रूढ केली. शरीराने वाटी स्वीकारली, लोक काठी टाकून चालू लागले. पण वर्षानुवर्षं चालून वाटी झिजली. तिचा अतिशय बारीक भुगा सांध्याभोवती साठला, आणि काही रुग्णांत आजूबाजूचं हाड झिजत, पोखरत गेलं. कारण शोधल्यावर कळलं ते असं: शरीरात साफसफाई करणाऱ्या पेशी हा भुगा गिळतात. तो त्यांना पचत नाही. मग त्या सूज आणणारी रसायनं सोडत राहतात, आणि त्या रसायनांनी हाड खाणाऱ्या पेशी कामाला लागतात. यावर उपाय म्हणून पुढे कमी झिजणारं पॉलिइथिलीन तयार करावं लागलं.

द्रव्य तेच, पण अखंड वाटी चालली आणि तिचा भुगा चालला नाही. मायक्रोप्लॅस्टिक आणि डोळा या विषयावर जे काही वाचाल, ते या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून वाचा. ‘प्लॅस्टिक म्हणजे विष’ हे जितकं अडाणी आहे, तितकंच ‘भिंग चालतं, मग चुऱ्याने काय होणार’ हेही.

यामागे साधं गणित आहे. एक मिलिमीटर बाजूचा प्लॅस्टिकचा घन घ्या. त्याचा पृष्ठभाग ६ चौरस मिलिमीटर. त्याचे एक-एक मायक्रोमीटरचे, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे, घन केले, तर ते भरतात शंभर कोटी, आणि सगळ्यांचा मिळून पृष्ठभाग होतो ६००० चौरस मिलिमीटर. वजन एका कणानेही वाढलेलं नाही, पण शरीराशी भिडणारी बाजू हजारपट झाली. शिवाय प्रत्येक तुकडा आता पेशीला गिळता येईल इतका लहान आहे. भिंगाचं द्रव्य शुद्ध करून, घासून, निर्जंतुक करून एका जागी बसवलेलं असतं. चुऱ्याला असली शिस्त कुठून येणार? त्यात रंग, प्लॅस्टिक लवचीक करणारी रसायनं, उन्हाने तडे गेलेल्या कडा, वर चिकटलेली धूळ आणि जंतू, सगळं आलं.

चुरा येतो कुठून

५ मिलिमीटरपेक्षा लहान प्लॅस्टिकच्या तुकड्याला मायक्रोप्लॅस्टिक म्हणतात. २००४ मध्ये इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या रिचर्ड थॉम्पसन यांनी समुद्रातल्या प्लॅस्टिकवर एक छोटा निबंध लिहिला, तिथून हा शब्द सगळीकडे पसरला. एक मायक्रोमीटरच्या खाली गेलं की त्याला नॅनोप्लॅस्टिक म्हणतात. पिशव्या आणि बाटल्या उन्हात सडून त्यांचे तुकडे होतात हे आपल्याला माहीत असतं. टायर आणि कपडे मात्र आपल्या डोक्यात येत नाहीत. टायरमध्ये कृत्रिम रबर असतं आणि ते रस्त्यावर रोज घासलं जातं. पुण्यासारख्या दुचाकींच्या शहरात सिग्नलला उभं राहिल्यावर जी काळसर धूळ चेहऱ्यावर बसते, तिच्यात टायरची झीजही असते. पॉलिस्टर आणि नायलॉनचे कपडे धुताना, वाळवताना, नुसते वापरतानाही तंतू सोडतात.

हवेतून हा चुरा बराच लांब जातो. फ्रान्सच्या पिरेनीज पर्वतात, जिथे जवळपास मोठं गाव नाही, तिथे शास्त्रज्ञांनी वरून पडणारे कण गोळा केले. दर चौरस मीटरवर रोज सरासरी ३६५ मायक्रोप्लॅस्टिकचे कण पडत होते. हा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. पॅरिसमधल्या घरांत आणि ऑफिसात हवेतले तंतू मोजले, तेव्हा ते बाहेरच्यापेक्षा आत जास्त निघाले. पण त्याच अभ्यासातली एक गोष्ट बातमीदार सोडून देतात: घरातल्या तंतूंपैकी पेट्रोलियमपासून बनलेले जेमतेम एक-तृतीयांश होते. बाकीचे कापूस, लोकर वगैरे. सकाळच्या उन्हाच्या तिरिपेत नाचणारं सगळंच प्लॅस्टिक नसतं.

तीन मायक्रोमीटर पाणी

आरशासमोर उभे राहा आणि खालची पापणी बोटाने जरा खाली ओढा. आत ओला गुलाबी खळगा दिसेल. पापणीच्या कडेवर, नाकाच्या बाजूला, टाचणीच्या टोकाएवढं एक भोक दिसेल. अश्रू या भोकातून नाकात उतरतात आणि तिथून घशात. म्हणूनच डोळ्यात ड्रॉप टाकले की थोड्या वेळाने घसा कडू होतो. डोळ्यावर पडलेली बरीचशी धूळ आपण शेवटी गिळतो, हेही त्यातून कळतं.

बुबुळावर अश्रूंचा जो थर पसरलेला असतो त्याची जाडी साधारण ३ मायक्रोमीटर. माणसाचा केस त्याच्या वीस-पंचवीसपट जाड. एका डोळ्यात एका वेळी अश्रू असतात ७ ते १० मायक्रोलिटर. ड्रॉपच्या बाटलीतून पडणारा एक थेंबच ३० ते ५० मायक्रोलिटरचा असतो, त्यामुळे निम्म्याहून जास्त औषध गालावर ओघळतं आणि घरचे म्हणतात, ‘नीट टाकता पण येत नाही.’

इतक्याशा पाण्यात तीन थर असतात. सगळ्यात वर तेलाचा, तो पापणीच्या कडेच्या ग्रंथींमधून येतो आणि पाणी उडून जाऊ देत नाही. यातली एखादी ग्रंथी तुंबली की रांजणवाडी होते. मध्ये खारट पाणी. आणि सगळ्यात खाली बुळबुळीत श्लेष्मा, जो डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या विशिष्ट पेशी तयार करतात. या श्लेष्म्याचं काम मला फार चलाख वाटतं. तो धूळ, जंतू, तंतू पकडतो, पापणीच्या हालचालीने त्याचे धागे होतात, आणि ते गोळा होऊन कोपऱ्यात येतात. सकाळी आपण जी चिपडं काढतो, ती रात्रभराची ही केरभरणी.

आता यात १० मायक्रोमीटरचा एक टणक कण टाका. तो या पाण्यात बुडत नाही. भाताच्या खाचरात पोटरीभर पाण्यातून डोकं वर काढलेल्या धोंड्यासारखा तो उभा राहतो, आणि पापणी मिनिटाला पंधरा-वीस वेळा त्याच्यावरून फिरते. एकतर तो श्लेष्म्यात अडकून वाहून जातो, किंवा बुबुळावर ओरखडा काढतो, किंवा त्या गुलाबी खळग्यात जाऊन बसतो. वाळूचा कण गेला तर डोळा लगेच बोंब मारतो, कारण बुबुळावर मज्जातंतूंचं जाळं फार दाट असतं. मात्र एक-दोन मायक्रोमीटरचा कण टोचत नाही, पाणी येत नाही, कळतच नाही.

कण खरोखरच तिथे जाऊन बसतात का, हे उंदरांवर तपासलं गेलंय. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उंदरांच्या डोळ्यांत पॉलिस्टायरीनचे अतिसूक्ष्म गोळे थेंबांतून टाकले. थर्मोकोल ज्याचं बनतं तेच हे पॉलिस्टायरीन. कण खालच्या पापणीच्या खळग्यात साठले. अश्रू कमी झाले, श्लेष्मा करणाऱ्या पेशी घटल्या, अश्रू तयार करणाऱ्या ग्रंथीला सूज आली. थोडक्यात, डोळा कोरडा पडला. काचेच्या ताटलीत वाढवलेल्या माणसाच्या बुबुळावरच्या पेशींनीही हे कण गिळले आणि त्यांची वाढ मंदावली.

यातली गोम अशी की झाडू मारणारेच आजारी पडले तर कचरा वाढतच जातो. श्लेष्मा कमी झाला की पुढचे कण जास्त वेळ टिकतात. ज्याचे डोळे आधीच कोरडे आहेत, त्याच्यासाठी हा प्रश्न बाकीच्यांपेक्षा मोठा असू शकतो. आणि कोरड्या डोळ्यांची आपल्याकडे कमी नाही. स्क्रीनकडे बघताना पापण्या लवण्याचं प्रमाण निम्म्याच्याही खाली येतं. त्यात वरून एसीचा झोत आला की अश्रू उडून जातात, म्हणजे धुणारं पाणीच आटतं.

पण प्रयोगातल्या उंदरावरून थेट स्वतःवर उडी मारू नका. प्रयोगशाळेतले गोळे गुळगुळीत, एकाच मापाचे, एकाच द्रव्याचे असतात. कारण ते विकत मिळतात आणि त्यांच्यावर रंग चढवून ते सूक्ष्मदर्शकाखाली शोधता येतात. खऱ्या धुळीत तंतू असतात, वेड्यावाकड्या कपच्या असतात. शिवाय प्रयोगात कण दिवसामागून दिवस थेट डोळ्यात टाकलेले असतात. त्यामुळे ‘असं होऊ शकतं’ एवढंच हा प्रयोग सांगतो. ‘तुमच्या बाबतीत होतंय’ हे सांगत नाही.

कॉन्टॅक्ट लेन्सचं काय

डोळ्यावर स्वतःहून प्लॅस्टिक ठेवायची रीत म्हणजे कॉन्टॅक्ट लेन्स. मऊ लेन्सचा जनक ओटो विख्टर्ले हा चेक रसायनशास्त्रज्ञ. १९६१ च्या नाताळात त्याने घरच्या घरी, मुलांच्या मेर्कुर नावाच्या जोडणीच्या खेळातले भाग वापरून लेन्स ओतायचं यंत्र बनवलं. आज कोट्यवधी लोक या लेन्स वापरतात, आणि नीट वापरल्या तर त्या सुरक्षित मानल्या जातात.

२०२३ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी वेगवेगळ्या लेन्स पाण्यात ठेवून त्यांच्यावर सूर्यप्रकाशासारखा दिवा बरेच दिवस सोडला आणि पाण्यात किती कण उतरतात ते मोजलं. काही लेन्समधून कण सुटत होते. त्यावरून त्यांनी हिशेब मांडला की दिवसाला १० तास लेन्स वापरणाऱ्याच्या डोळ्यात वर्षाला ९० हजारांहून जास्त कण पडू शकतात. आकडा ऐकून छातीत धस्स होतं. मला मात्र तो काहीसा ताणलेला वाटतो. माणूस दिवसाचे दहा तास रणरणत्या उन्हात डोळे सताड उघडे ठेवून बसत नाही, आणि अश्रू मिनिटाला साधारण एक मायक्रोलिटरच्या वेगाने बदलत राहतात. कण सुटतात, हे मान्य. ते डोळ्यात किती टिकतात, हा वेगळा प्रश्न, आणि बरणीतल्या पाण्याला तो विचारून उपयोग नाही.

लेन्स वापरणाऱ्याने कशाला घाबरायचं असेल तर ते झोपताना लेन्स डोळ्यात ठेवण्याला आणि लेन्स नळाच्या पाण्याने धुण्याला. नळाच्या पाण्यात अकँथअमीबा नावाचा जीव असू शकतो. तो लेन्सबरोबर बुबुळावर गेला तर जी जखम होते ती बरी व्हायला महिने लागतात, आणि कधी कधी नजर परत येत नाही. हा धोका प्रत्येक नेत्रतज्ज्ञाला ठाऊक आहे. आणि वापरलेली लेन्स बेसिनमध्ये सोडू नका, ओल्या कचऱ्यातही नको. सुक्या कचऱ्यात टाका. अमेरिकेत २०१८ मध्ये झालेल्या एका पाहणीत पंधरा ते वीस टक्के लेन्स वापरणारे ती बेसिनमध्ये किंवा कमोडमध्ये टाकत असल्याचं दिसलं. सांडपाण्याच्या प्रवासात तिचे तुकडे होतात, आणि चुऱ्यात भर पडते ती अशी.

आतल्या जेलीपर्यंत

डोळ्यावर कण पडणं एक, आणि डोळ्याच्या आत सापडणं दुसरं. बुबुळाच्या मागे भिंग, भिंगाच्या मागे पारदर्शक जेली, आणि तिच्या मागे पडदा, अशी डोळ्याची रचना. २०२४ मध्ये चीनमधल्या डॉक्टरांनी ४९ रुग्णांच्या जेलीचे नमुने तपासले. पडद्याला छिद्र पडणं, पडदा सरकणं अशा आजारांसाठी त्यांची शस्त्रक्रिया होत होती, त्यामुळे जेली काढलीच जाणार होती. तिच्यात नायलॉन, पीव्हीसी आणि पॉलिस्टायरीन मिळाल्याचं त्यांनी नोंदवलं. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या बातमीचं मूळ बहुधा हेच.

आता जरा खोडी काढू या. डोळ्याच्या पडद्याला रक्तापासून वेगळं ठेवणारी दुहेरी तटबंदी असते. पडद्यातल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट शिवलेल्या असतात, आणि पडद्यामागच्या रंगद्रव्याच्या थरातल्या पेशीही तशाच. साध्या औषधांपैकीही बरीचशी हा बंदोबस्त ओलांडू शकत नाहीत, म्हणून तर पडद्याच्या आजारांत थेट डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागतं. केशवाहिनीची रुंदी असते ५ ते १० मायक्रोमीटर. तांबडी रक्तपेशी तिच्यातून अंग चोरून जाते. आणि त्या अभ्यासात मोजलेले बहुतेक कण ५० मायक्रोमीटरच्या आतले असले, तरी ज्या लेझर यंत्राने ते मोजतात त्याला साधारण १०-२० मायक्रोमीटरच्या खालचं नीट दिसत नाही. मग वीस-तीस मायक्रोमीटरचा कण दहा मायक्रोमीटरच्या नळीतून आला कसा?

एक शक्यता अशी की तो रक्तातून आलाच नाही. पडद्याच्या ऑपरेशनमध्ये जेली कापणारं यंत्र, तिच्या नळ्या, डबी, सिरिंज, सगळं प्लॅस्टिकचं असतं. डोळ्याचे टाके घालायचा केसाहून बारीक दोराही बऱ्याचदा नायलॉनचा. नमुना गोळा करतानाच चुरा मिसळण्याचा धोका या सगळ्या क्षेत्रावर टांगलेला आहे, आणि तो फक्त डोळ्यापुरता नाही. २०२० मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं की प्रयोगशाळेतल्या हातमोज्यांवरचा स्टिअरेट नावाचा साबणासारखा पदार्थ यंत्राला पॉलिइथिलीन वाटू शकतो. नमुना तापवून त्याच्या वाफेवरून प्लॅस्टिक ओळखण्याची दुसरी पद्धत आहे. तिथे शरीरातली चरबी घोटाळा करते, कारण तापल्यावर तिचेही तुकडे पॉलिइथिलीनच्या तुकड्यांसारखेच निघतात. मेंदूत प्लॅस्टिक सापडल्याच्या २०२५ मधल्या गाजलेल्या अभ्यासावर हाच आक्षेप घेतला गेला.

म्हणून सगळं थोतांड असं मी म्हणणार नाही. शंभर नॅनोमीटरच्या, म्हणजे मायक्रोमीटरच्या दहाव्या भागाच्या, खालच्या कणांचं गणित वेगळं आहे. झेब्राफिश नावाच्या इवल्या माशाच्या पिलांना २५ नॅनोमीटरचे चमकणारे कण असलेल्या पाण्यात ठेवलं, तर ते कण डोळ्यांपर्यंत गेलेले दिसतात. रक्तात प्लॅस्टिकचे अंश असल्याचं नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०२२ मध्ये २२ पैकी १७ रक्तदात्यांत नोंदवलं. मधुमेह, वय, सूज यांनी डोळ्याची तटबंदी सैल पडते, हे तर नेत्रतज्ज्ञ रोजच बघतात. म्हणजे फार बारीक कणांना, पोखरलेल्या भिंतीतून, वाट मिळू शकते. पण तेवढे बारीक कण आजच्या यंत्रांना माणसाच्या डोळ्यात धड मोजता येत नाहीत. जे मोजता येतात त्यांना आत शिरणं अवघड, आणि जे शिरू शकतात ते मोजता येत नाहीत, अशी ही पंचाईत आहे.

आणि आत गेलेच तर? खुब्याच्या हाडाची गोष्ट आठवा. पडद्यामागच्या रंगद्रव्याच्या पेशी रोज पडद्याचा झिजलेला भाग गिळून पचवतात आणि त्या आयुष्यभर बदलल्या जात नाहीत. तिशीत जी पेशी असते तीच सत्तरीत. न पचणारा कचरा अशा पेशीत साठणं हे उताराला लागलेल्या वयात पडदा खराब होण्याच्या आजारात दिसतंच, प्लॅस्टिक असो वा नसो. त्या ओझ्यात प्लॅस्टिकची भर पडते का, यावर काम चालू आहे. काचबिंदूबद्दल तर प्राण्यांवरचे तुरळक प्रयोग सोडले तर काहीच हातात नाही.

शेजारच्या विषयात पुरावा बराच पक्का आहे. हवेतल्या सूक्ष्म धुळीचा, म्हणजे पीएम २.५ चा, डोळ्यांशी संबंध मोठ्या लोकसंख्येत तपासलेला आहे. ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासात सगळ्यात प्रदूषित भागात राहणाऱ्यांत काचबिंदू असल्याचं सांगणारे लोक, सगळ्यात स्वच्छ भागातल्यांपेक्षा किमान ६ टक्के जास्त निघाले. चुलीच्या धुराचा आणि बायकांच्या मोतीबिंदूचा संबंध भारतात आणि नेपाळात दिसलेला आहे. प्लॅस्टिकचे हवेतले कण याच धुळीचा एक हिस्सा आहेत, तेव्हा धूळ कमी करण्यासाठी जे कराल ते त्यांनाही लागू पडतं.

घरात करण्यासारखं फारसं अवघड नाही. केर काढण्याआधी फरशी ओल्या फडक्याने पुसली तर तंतू उडत नाहीत. दुचाकीवर हेल्मेटची काच खाली करा, नुसता स्कार्फ डोळे झाकत नाही. डोळ्यात काही गेलं तर चोळू नका, कारण चोळल्याने टणक कण बुबुळावर घासला जातो. स्वच्छ पाण्याने धुवा. त्यात मध, गुलाबपाणी, कांद्याचा रस घालणाऱ्यांना आवरा. ‘प्लॅस्टिक बाहेर काढणारे’ ड्रॉप कुणी विकत असेल तर तो तुमचा खिसा स्वच्छ करतोय.

चमकी मात्र टाळाच. चेहऱ्यावर लावायची ती बहुतेक चमकी म्हणजे प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्यावर अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा देऊन कापलेले षटकोनी तुकडे. त्यांच्या कडा धारदार असतात. गरब्याच्या रात्री पापणीवर लावलेली चमकी घामाबरोबर डोळ्यात उतरते. युरोपीय संघाने सुटी प्लॅस्टिकची चमकी विकण्यावर १७ ऑक्टोबर २०२३ पासून बंदी घातली, ती मुख्यतः पर्यावरणासाठी. गणपतीच्या मिरवणुकीत पेपर ब्लास्टमधून उडणाऱ्या चकचकीत पट्ट्याही बऱ्याचदा कागदाच्या नसतात. पण त्याच मिरवणुकीत लेझरचा झोत थेट डोळ्यात गेला तर पडदा तिथल्या तिथे भाजू शकतो. २०२३ च्या गणेशोत्सवानंतर आपल्याकडे अशा घटना गाजल्या होत्या. चुऱ्याच्या आधी त्याला घाबरा. तसंच मधुमेह असेल आणि वर्षभरात पडदा तपासून घेतला नसेल, तर तो धोका या लेखातल्या सगळ्या प्लॅस्टिकपेक्षा मोठा आहे.

मला विचाराल तर यापुढचं संशोधन वेगळ्या लोकांवर व्हायला हवं. नव्वदच्या दशकात अमेरिकेत आणि कॅनडात नायलॉनच्या बारीक तंतूंचं मखमली कापड बनवणाऱ्या कारखान्यांत कामगारांना फुप्फुसाचा एक वेगळाच आजार जडल्याचं लक्षात आलं. कृत्रिम तंतू श्वासातून जाऊन काय करतात हे कळलं ते त्या कामगारांमुळे. ज्यांच्या वाट्याला सगळ्यात जास्त चुरा येतो, त्यांच्यात इजा सगळ्यात आधी दिसते. आपल्याकडे भिवंडी, मालेगावात यंत्रमागावर दिवसरात्र पॉलिस्टर विणलं जातं. धारावीत प्लॅस्टिकचे डबे, बाटल्या, खेळणी छाटून, भरडून त्यांचे दाणे केले जातात. भरडणाऱ्या यंत्राशेजारी उभा माणूस बऱ्याचदा चष्म्याशिवाय असतो.

त्यांचे डोळे तपासायला लेझर यंत्र लागत नाही. खालच्या पापणीत कागदाची एक पट्टी अडकवायची, पाच मिनिटं डोळे मिटायला सांगायचं आणि पट्टी किती मिलिमीटर भिजली ते बघायचं. दहापेक्षा कमी भरलं तर अश्रू कमी आहेत असं समजायचं. जोडीला पापणी उलटून, रंगाचा थेंब टाकून बुबुळावरचे ओरखडे बघायचे. जिल्हा रुग्णालयातल्या नेत्रविभागात हे सगळं असतं. यंत्रमागावरच्या काहीशे कामगारांचे आणि त्याच वस्तीतल्या बाकीच्या लोकांचे डोळे असे तपासून ताडून पाहिले, तर उंदरांच्या दहा प्रयोगांतून जे कळणार नाही ते कळेल. आणि तोवर भरडणाऱ्या यंत्राजवळच्या माणसाला बाजूने बंद असलेला साधा गॉगल द्यायला कुठल्याच अभ्यासाची वाट बघावी लागत नाही.